गाळे बांधताना मजुरांचाही हिशेब हवा

जेऊरला आम्ही चार कापड व्यापाऱ्यांनी मिळून गाळे बांधायला काढले, तेव्हा सारा हिशेब सिमेंट, सळई आणि वाळूचाच केला होता. पायाचा खड्डा खोदला आणि ठेकेदाराने शेजारच्या जुन्या भिंतीलगत मजुरांच्या झोपड्या घातल्या. आम्हाला कोंढवा आठवले. 29 जून 2019 रोजी पुण्यात पावसात संरक्षक भिंत अशाच झोपड्यांवर कोसळली आणि 4 मुलांसह 15 जण दगावले. आम्ही काम थांबवून झोपड्या हलवल्या. दोन दिवस गेले, पण झोप लागली.

मग ठेकेदाराकडून लिहून घेतले : मजुरी दर आठवड्याला हजेरीपुस्तकावर सही किंवा अंगठा घेऊन आमच्यासमोर द्यावी, पिण्याचे पाणी व संडास असावा, पावतीशिवाय वाळू उतरवू नये, राडारोडा ओढ्यात टाकू नये. उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्यांनी तरी नदी ओरबाडू नये.

बांधकाम खर्चाच्या किमान 1 टक्का उपकर द्यावा लागतो. त्यातूनच कल्याणकारी मंडळ मजुरांना मदत देते. नोंदणीसाठी मजुराला वर्षातील 90 दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तो अडवू नये.

व्यापारी बांधवांनो, काम ठेक्याने देता येते, जबाबदारी नाही. भिंत पडली तर लोक मालकाचेच नाव घेतील.