टोरोंटोत बॅले पाहायचा तर वरून पाहा

“बॅलेचं तिकीट आपल्याला परवडत नाही,” असं इथल्या मराठी मंडळींकडून नेहमी ऐकते. हे अर्धंच खरं आहे. नॅशनल बॅले ऑफ कॅनडाचे प्रयोग 2006 साली उघडलेल्या फोर सीझन्स सेंटरमध्ये होतात. पुढच्या खुर्च्या महाग आहेतच, आणि डिसेंबरातला ‘नटक्रॅकर’ चौघांच्या कुटुंबाला जडच जातो. पण अगदी वरच्या, पाचव्या रिंगमधली (म्हणजे सज्जातली) तिकिटं बरीच स्वस्त असतात. ‘स्वान लेक’मधल्या हंसिणींच्या रांगा कशा जुळतात, विखुरतात आणि पुन्हा जुळतात, हे तिथूनच नीट दिसतं! चेहऱ्यांसाठी छोटी दुर्बीण न्या.

सीलिया फ्रँका यांनी 1951 मध्ये नॅशनल बॅले ही संस्था उभी केली. 1972 मध्ये प्रख्यात नर्तक रुडॉल्फ नुरेयेवने तिच्यासाठी ‘स्लीपिंग ब्यूटी’ बसवलं आणि पुढच्याच वर्षी संस्थेचे नर्तक कॅरेन केन व फ्रँक ऑगस्टिन यांनी मॉस्कोच्या स्पर्धेत युगुलनृत्याचं बक्षीस मिळवलं. त्याच केन यांनी 2022 मध्ये आणलेलं ‘स्वान लेक’ माझं सर्वांत आवडतं. ते पुन्हा लागेल तेव्हा तिकिटं लवकर काढा आणि शाळकरी मुलांनाही सोबत न्या.