जेरुसलेमची शांती आणि न्यायाचा प्रश्न

बायबलमधील १२२ वे स्तोत्र जेरुसलेमच्या शांतीसाठी प्रार्थना करावयास सांगते, आणि हैदराबाद-सिकंदराबादच्या चर्चमध्येही हे स्तोत्र पिढ्यान्‌पिढ्या वाचले जात आहे. मात्र ही शांती कोणाची आणि कोणत्या अटींवर, याविषयी ख्रिस्ती समाजात एकमत नाही. आजचे इस्रायल राष्ट्र म्हणजे बायबलमधील वचनांची पूर्तता होय, असे मानणाऱ्या विचारसरणीस ख्रिस्ती झायोनवाद म्हणतात, आणि तिचा पगडा असलेल्या मंडळ्या या स्तोत्राचा अर्थ त्या राष्ट्राचे क्षेमकुशल एवढाच घेतात. पॅलेस्टिनी ख्रिस्ती मात्र न्यायावाचून मागितलेली शांती अपुरी मानतात, आणि त्यांचे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे.

जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने पूर्व जेरुसलेमसह पश्चिम किनारा आणि गाझा पट्टी ताब्यात घेतली. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हापासून लष्करी अंमल आहे. वसाहती, तपासणी नाके आणि २००२ पासून बांधली जाऊ लागलेली विभाजक भिंत यांमुळे जेरुसलेम दहा किलोमीटरच्या आत असूनही बेथलेहेमच्या ख्रिस्ती रहिवाशास ईस्टरच्या उपासनेला तेथे जाण्यासाठी लष्करी परवाना लागतो. हा ताबा बेकायदेशीर असल्याचे सल्लागार मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी दिले.

डिसेंबर २००९ मध्ये निरनिराळ्या पंथांच्या पॅलेस्टिनी ख्रिस्ती नेत्यांनी बेथलेहेममध्ये ‘कैरोस’ नावाचे निवेदन प्रसिद्ध केले. त्यात हा ताबा देवाविरुद्धचे आणि माणसाविरुद्धचे पाप ठरविला असून, त्याचा प्रतिकार शत्रूवरील प्रेम न सोडता करावा, असे आवाहन आहे. या भूमिकेतून केलेल्या प्रार्थनेत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या इस्रायलींसाठीही जागा राहते. जेरुसलेममधील ‘सबील’ ही संस्था दर आठवड्याला ताज्या घटनांवर आधारित प्रार्थना लिहून जगभर पाठविते, आणि गुरुवारी ज्याच्या त्याच्या देशात दुपारचे बारा वाजले की ती म्हटली जाते. भारताची वेळ जेरुसलेमच्या अडीच-साडेतीन तास आधी येते. संस्थेचे संस्थापक, अँग्लिकन धर्मगुरू नईम अतीक, यांचे कुटुंब १९४८ मध्ये बेसान गावातून हुसकावले गेले होते.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्ती स्त्रिया जागतिक प्रार्थना दिन पाळतात आणि त्याची उपासना दरवर्षी एका देशातील स्त्रिया रचतात. १ मार्च २०२४ ची उपासना पॅलेस्टिनी स्त्रियांनी त्या हल्ल्यानंतरच्या गाझातील युद्धापूर्वीच लिहून ठेवली होती. तिच्यात ‘अल जझीरा’च्या वार्ताहर शिरीन अबू अक्लेह यांच्याविषयी त्यांच्या भाचीचे निवेदन होते. ११ मे २०२२ रोजी जेनिन येथे वार्तांकन करताना गोळी लागून मरण पावलेल्या शिरीन स्वतः ख्रिस्ती होत्या. जर्मनीत ही उपासना वादग्रस्त ठरून तिच्यात फेरफार करण्यात आले, यावरून प्रार्थनेच्या शब्दांचे वजन लक्षात येते.

हैदराबादमध्ये जेरुसलेमच्या शांतीच्या प्रार्थनेला आणखी एक संदर्भ आहे, तो मुस्लिम शेजाऱ्यांचा. लाहोरला १९३० मध्ये स्थापन झालेली आणि पुढे या शहरात स्थिरावलेली हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट ही ख्रिस्ती संस्था इस्लामचा अभ्यास आणि धर्माधर्मांतील सलोखा यांसाठी काम करते. १९९० च्या दंगलींनी होरपळलेल्या जुन्या शहरातही तिने हे काम नेले. ज्या मंडळीने घराजवळच्या दंगलग्रस्तांचे दुःख जाणले, तिला गाझातील ख्रिस्ती आणि मुस्लिम यांच्यासाठी एकत्र प्रार्थना करणे अवघड वाटू नये.

जेरुसलेमच्या यात्रेसाठी ख्रिस्ती भाविकांना अर्थसाहाय्य देण्याची योजना अविभाजित आंध्र प्रदेशाच्या सरकारने २००८ मध्ये हैदराबादहून जाहीर केली होती. तेव्हापासून तेलुगू भाविकांच्या अनेक तुकड्या त्या भूमीचे दर्शन घेऊन आल्या आहेत. ‘कैरोस’च्या लेखकांनी बाहेरच्या ख्रिस्ती जनांना, येऊन प्रत्यक्ष पाहावे आणि येथील माणसांना भेटावे, अशी विनंती केली आहे. यात्रेच्या कार्यक्रमात बेथलेहेममधील एखाद्या स्थानिक मंडळीबरोबरची रविवारची उपासना घालणे, हे त्या विनंतीला देता येण्याजोगे सर्वांत सोपे उत्तर आहे.