माग आपला, सूत दुसऱ्याचे

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागधारकांना मजुरीचा धंदा समजावून सांगण्याची गरज नाही. शेड आपली, माग आपला, मेहनत आपली. सूत मात्र व्यापाऱ्याचे. त्याने बीम पाठवले तर खटखट सुरू राहते, त्याने हात आखडला तर चांगल्यातला चांगला मागही उभा राहतो. मोबाईल फोनवर जी अ‍ॅप पैसे देऊन विकत घेतली जातात, त्यांपैकी बऱ्याच अ‍ॅपची अवस्था अशीच आहे. आता आपले व्यापारी आणि कारागीर बंधूही अशा अ‍ॅपवर पैसे खर्च करू लागले आहेत. म्हणून हा व्यवहार कसा चालतो, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

आम्ही अलीकडे ‘आयव्हरी’ नावाचे एक अ‍ॅप वर्गणी भरून वापरून पाहिले. ‘मॅस्टोडॉन’ या सेवेवरील छोट्या नोंदी वाचण्यासाठी व लिहिण्यासाठी ते आयफोनवर चालते. अ‍ॅप कसे आहे ते पुढे सांगूच. पण त्याच्या जन्माची हकीकत अ‍ॅपपेक्षाही अधिक शिकवणारी आहे.

कारागिरांनी घडविलेला माल

चार-दोन ओळींच्या नोंदी लिहिण्याची ट्विटर ही सेवा अमेरिकेत २००६ साली सुरू झाली. सुरुवातीला कंपनीकडे फोनसाठी स्वतःचे अ‍ॅप नव्हते. तिने बाहेरच्या कारागिरांसाठी एक दार उघडे ठेवले. तांत्रिक भाषेत त्याला एपीआय म्हणतात. या दारातून नोंदींचा माल घ्यावा आणि आपापल्या अ‍ॅपमधून तो ग्राहकाला दाखवावा, अशी सोय होती.

या दाराने अनेक कारागीर आत आले. आयकॉनफॅक्टरी या छोट्या कंपनीने २००७ मध्ये ‘ट्विटरिफिक’ काढले. ट्विटरच्या नोंदीला ‘ट्वीट’ म्हणण्याची व पक्ष्याचे चित्र लावण्याची सुरुवात याच अ‍ॅपपासून झाली. लॉरेन ब्रिक्टर या एकट्या कारागिराने ‘ट्वीटी’ घडविले. यादी बोटाने खाली ओढली की ती ताजी होते, ही युक्ती त्याचीच. आज ती असंख्य अ‍ॅपमध्ये दिसते. २०१० मध्ये ट्विटरने ट्वीटी विकत घेतले आणि तेच आपले अधिकृत अ‍ॅप म्हणून फुकट वाटले. २०११ मध्ये टॅपबॉट्स या कंपनीचे ‘ट्वीटबॉट’ आले आणि पैसे देऊन अ‍ॅप घेणाऱ्या ग्राहकांत ते नावाजले गेले.

सूत आवळले, मग तोडले

स्वतःचे फुकट अ‍ॅप हाती आल्यावर मालकाची नजर बदलली. जाहिराती मालकाच्या अ‍ॅपमध्ये दिसत, बाहेरच्या अ‍ॅपमध्ये दिसत नसत. ऑगस्ट २०१२ मध्ये ट्विटरने नियम केला की बाहेरच्या नव्या अ‍ॅपला एक लाख ग्राहकांपेक्षा जास्त हवे असतील तर खास परवानगी घ्यावी. म्हणजे सुताचा कोटा ठरला. कोटा आला की भाव चढतो, हे कापडवाल्यांना ठाऊक आहेच. त्याच वर्षी ऑक्टोबरात ट्वीटबॉटची संगणकावरील आवृत्ती आली, तिची किंमत २० डॉलर ठेवावी लागली. ग्राहक मोजकेच मिळणार, तेव्हा प्रत्येकाकडून जास्त घेण्यावाचून इलाज नाही, असे त्यामागचे गणित होते.

तरीही दहा वर्षे धंदा चालला. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर विकत घेतले. त्यानंतर १२ जानेवारी २०२३ च्या रात्री ट्वीटबॉट, ट्विटरिफिक आणि अशी इतर अ‍ॅप एकाएकी बंद पडली. आधी सूचना नाही, इशारा नाही. पाच दिवसांनी कंपनीने एवढेच सांगितले की आम्ही जुन्याच नियमांची अंमलबजावणी करीत आहोत. पण मूळ सेवेसारखे अ‍ॅप बनवू नये, असे स्पष्ट कलम करारात घातले गेले ते १९ जानेवारीला. माल आधी अडवला, करार मागाहून बदलला! जुलै २०२३ मध्ये ट्विटरचे नावही बदलून ‘एक्स’ झाले.

आगाऊ पैशाचा प्रश्न

आता हिशेबाची बाजू पाहू. ट्वीटबॉटची २०२१ मधील आवृत्ती वर्गणीवर चालत होती. महिन्याला सुमारे एक डॉलर किंवा वर्षाला सहा डॉलर. कित्येक ग्राहकांनी वर्षाची रक्कम आगाऊ भरलेली होती. माल देणे बंद झाले, म्हणजे उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करणे आले. ही परतफेड अ‍ॅपलच्या दुकानामार्फत होणार आणि अ‍ॅप बनविणाऱ्याला मिळालेला वाटा त्याच्याकडून वसूल होणार. ज्या पैशांतून पगार आणि भाडे भागले होते, तेच पैसे एकदम परत देण्याची पाळी आली.

मार्च २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी बंद पडलेल्या अ‍ॅपमध्ये एक शेवटची दुरुस्ती केली. तिच्यात ‘मला पैसे परत नकोत’ असे सांगण्याची सोय ग्राहकाला दिली. टॅपबॉट्सने उरलेली वर्गणी नव्या अ‍ॅपकडे वळविण्याचाही मार्ग ठेवला. ग्राहकाने काहीच कळवले नाही तर त्याचे पैसे आपोआप परत जात होते. वर्षानुवर्षे सचोटीने माल दिला असेल तरच कारागिराला अशी विनंती करता येते. पेढीची पत म्हणतात ती हीच.

आयव्हरी वापरून काय दिसले?

टॅपबॉट्सने दुसऱ्या मागावर बीम आधीच चढवून ठेवले होते. जुने दार बंद झाल्यावर बाराव्या दिवशी, २४ जानेवारी २०२३ रोजी, त्यांनी आयव्हरी बाजारात आणले. भाव ठेवला महिन्याला दोन डॉलर किंवा वर्षाला पंधरा डॉलर. जुन्यापेक्षा महाग खरे, पण वस्तू कसबी हातांनी घडवलेली आहे. नोंदी ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने दिसतात. मध्ये जाहिरात नाही. आपण जेथे वाचन सोडले तेथूनच पुढे सुरू होते. नको असलेला शब्द किंवा माणूस गाळता येतो.

मॅस्टोडॉन ही सेवा ऑयगेन रोश्को या तरुणाने जर्मनीत २०१६ साली सुरू केली. तिचा एकच मालक नाही. हजारो वेगवेगळे सर्व्हर आहेत आणि ते एकमेकांशी जोडलेले आहेत. एका पेठेत न पटल्यास दुसऱ्या पेठेत बिऱ्हाड हलवता येते व आपले अनुयायी सोबत नेता येतात. जुन्या नोंदी मात्र मागेच राहतात. भारतात या सेवेची मोठी चर्चा झाली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केले गेले, तेव्हा नाराज होऊन अनेक भारतीय तिकडे गेले होते.

एवढे गुण असूनही धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. कापड, सूत किंवा रंगाई-छपाईच्या व्यवहारातील माणसे आम्हाला तेथे फारशी भेटली नाहीत. दुकान देखणे, भाडे वाजवी, पण रस्त्यावर गिऱ्हाईक तुरळक, असा हा मामला आहे. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या घोषणा पाहायच्या असतील तर आजही एक्सकडेच जावे लागते. ज्याला रोज वाचायचे-लिहायचे आहे, त्याने आयव्हरी जरूर घ्यावे. नुसता माल खपवायचा असेल त्याने घाई करू नये.

पैसे भरण्यापूर्वी

पहिला प्रश्न विचारावा: सूत कोणाचे? अ‍ॅप बनविणारा कितीही प्रामाणिक असो, त्याला माल पुरविणारा कोण आणि तो पुरवठा कशाच्या भरवशावर आहे, हे पाहावे. पुरवठादार स्वतःच बुडू शकतो हेही ध्यानात ठेवावे. भारतीय भाषांसाठी २०२० मध्ये निघालेली ‘कू’ ही सेवा गाजावाजा होऊनही जुलै २०२४ मध्ये बंद झाली.

दुसरे, वर्षाची रक्कम भरण्याआधी एक महिना वापरून पाहावे. बचत दिसते म्हणून वर्षाचा सौदा करणे फायद्याचे ठरेलच असे नाही.

तिसरे, दलाली ओळखावी. फोनवरून वर्गणी भरली की त्यातला हिस्सा अ‍ॅपच्या दुकानाला जातो. अ‍ॅपलचा सर्वसाधारण दर ३० टक्के आहे. लहान उत्पादकांसाठी तो २०२१ पासून १५ टक्के झाला. ट्विटरने फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतात आपली वर्गणी सुरू केली, तेव्हा संकेतस्थळावरून ती महिन्याला ६५० रुपये आणि फोनवरून ९०० रुपये होती. एकाच मालाचे दोन भाव! जेथे संकेतस्थळावरून भरण्याची सोय असेल तेथे आधी तो भाव पाहावा.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे: आपले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या वहीत ठेवू नये. सेवा कोणतीही वापरा, पण ग्राहकाचे नाव, गाव आणि फोन नंबर आपल्या स्वतःच्या वहीत उतरवून घ्या.

कारागिरांसाठीही यात एक धडा आहे. ट्विटरिफिक गमावलेल्या आयकॉनफॅक्टरीने २०२५ मध्ये ‘टॅपेस्ट्री’ नावाचे नवे अ‍ॅप काढले. टॅपेस्ट्री म्हणजे भिंतीवर टांगायचे विणलेले चित्रवस्त्र. नावही आपल्याच धंद्यातले. हे अ‍ॅप एका सेवेवर विसंबत नाही. मॅस्टोडॉन, ब्लूस्काय आणि बातम्यांची संकेतस्थळे अशा अनेक ठिकाणांहून माल घेऊन एकाच यादीत विणते. आमच्या मजुरीवाल्या बंधूंनीही दोन-तीन व्यापाऱ्यांचे सूत घेण्याची सवय ठेवली, तर एकाने हात आखडल्यावर सगळी शेड बंद पडणार नाही.