शाळेची बातमी घरात येऊ द्या



गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. कोणाची गाय व्याली, कोणाच्या बोडीची पाळ फुटली, धानाचा भाव काय निघाला, कोणाच्या घरी सोयरे येऊन गेले, हे सारे पारावर, पिठाच्या गिरणीवर आणि हातपंपाशी तासाभरात सर्वांना ठाऊक होते. एक बातमी मात्र बऱ्याच घरांत पोचतच नाही. ती आहे आपल्या शाळेची. तिसरीतल्या किती मुलांना धडा वाचता येतो? यंदा पहिलीत किती मुले आली? समितीच्या बैठकीत काय ठरले? असे कोणी विचारले, तर "ते गुरुजींना ठाऊक" म्हणून आपण मोकळे होतो.

आपल्या बांधीत पाणी किती आहे, हे आपण शेजाऱ्याला विचारत नाही. धुऱ्यावर जाऊन स्वतः पाहतो. मग ज्या शाळेत आपले लेकरू दिवसाचे पाच-सहा तास काढते, तिची खबर दुसऱ्यावर का सोडावी?

शाळा कोणाची?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके. यातील बहुतेक गावांत पहिली शाळा असते ती जिल्हा परिषदेची. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला.

कागदावर शाळा जिल्हा परिषदेची असली, तरी तिच्या अंगणातली झाडे गावाने लावलेली असतात. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला प्रभातफेरी निघते ती गावातून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, तेव्हा लाकडी बैल घेऊन येणारी लेकरे याच वर्गांतली. हिवाळ्यात केंद्राचे क्रीडा संमेलन भरते. आपली मुले कबड्डी आणि खो-खो खेळायला शेजारच्या गावी जातात आणि ढाल घेऊन आली की सारे गाव वेशीवर उभे राहते. म्हणजे शाळा आपलीच आहे. फक्त सणाच्या दिवशी ती आपली आणि बाकीच्या दिवशी गुरुजींची, एवढी गोष्ट बदलायची आहे.

धानाचे वर्ष आणि शाळेचे वर्ष

विदर्भात उन्हाचा कडाका मोठा, म्हणून आपल्याकडच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच सुमारास पऱ्हे टाकण्याची घाई असते. शाळा रुळावर येते न येते, तोच रोवणी सुरू होते. दिवाळीनंतर मंडई भरतात, धानाची कापणी होते, कडपा बांधून पुंजणे रचले जातात. उन्हाळा लागला की मोहफुले, त्यामागून तेंदूपाने. शेताचे प्रत्येक काम शाळेच्या एखाद्या महत्त्वाच्या दिवसाशी येऊन भिडते.

सर्वांत मोठा धक्का बसतो तो रोवणीत. रोवणी बायकांच्या हातची. घरातल्या सासू, सून, जाऊ सगळ्या बांधीत उतरतात. मग धाकट्याला कोण सांभाळणार? दुसरी-चौथीतली मोठी मुलगी घरी राहते. आईबापांना तिचे शिक्षण नको असते असे नाही. त्या दिवसाला दुसरा मार्ग सुचत नाही, एवढेच.

पण हिशेब करून पाहा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षात किमान २०० दिवस शाळा भरावी लागते. रोवणीत मुलगी २० दिवस घरी राहिली, तर वर्षाचा दहावा हिस्सा गेला. आणि गेले ते दिवस पायाभरणीचे. पऱ्हे जुने झाल्यावर रोवले की फुटवे कमी येतात, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. त्या वयाची अक्षरओळख मागे पडली, तर पुढच्या वर्गात तिला सगळाच धडा जड जातो. पुढे ती स्वतःच शाळेचे नाव काढीनाशी होते आणि आपण म्हणतो, "तिचे मनच लागत नाही."

यावर काही उपाय आपल्या हातात आहेत. धाकटे तीन वर्षांचे झाले असेल, तर त्याचे नाव अंगणवाडीत घालावे. त्याहून लहान असेल, तर रोवणीला जाणाऱ्या पाच-सहा घरांनी मिळून एखाद्या आजीला लेकरे सांभाळायला बसवावे आणि तिच्या घरी शेर-पायली धान पोचवावे. जशी रोवणीची पाळी लावतो, तशी लेकरांचीही लावता येते. आणि अगदीच इलाज नसला, तर गुरुजींना आधी सांगावे. मुलगी कोणत्या दिवशी परत येईल हे त्यांना कळले, तर बुडालेला धडा भरून काढण्याची सोय त्यांना करता येते.

धानाचा हंगाम संपल्यावर काही कुटुंबे विटाभट्टीवर किंवा बांधकामावर परगावी जातात. मुलांना सोबत नेणार असाल, तर निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवले की तिकडच्या शाळेत मुलाला बसता येते आणि परत आल्यावर इथला वर्ग सुटत नाही.

पट म्हणजे काय?

शाळेच्या भिंतीवर पटसंख्या लिहिलेली असते. आपण ती वाचून पुढे जातो. त्या आकड्यावर शाळेचे भवितव्य अवलंबून असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. शिक्षकांची पदे पटावर ठरतात. शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असे प्रमाण दिले आहे. पट जसा घसरतो, तशी शाळाच राहते की नाही, हा प्रश्न पुढे येतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले होते. नंदुरबारच्या तोरणमाळची आणि पुण्याच्या पानशेतची अशी शाळा त्यासाठी नमुना म्हणून दाखवली गेली. मोठ्या शाळेत मुलांना सोबती मिळतात, खेळाला संघ होतो, विषयाला शिक्षक मिळतो, हे त्या बाजूचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण आपल्याकडचा पावसाळा डोळ्यांसमोर आणा. नाला भरला की दोन गावे दिवसभर तुटतात. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात सहा वर्षांच्या लेकराला दूरच्या गावी पाठवताना आईच्या जिवाला घोर लागतो. म्हणूनच पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे.

शेजारच्या गावची पिवळी गाडी दाराशी येते म्हणून आपण एकेक करून मुले काढतो. प्रत्येकाला आपल्या मुलाचे भलेच हवे असते, त्यात दोष नाही. पण नाव काढण्यापूर्वी एकदा गावच्या शाळेत जाऊन बसा. मुलाला पुस्तक द्या, वाचून दाखवायला सांगा. पाढे विचारा. फीच्या शाळेतल्या त्याच वयाच्या मुलालाही तेच वाचायला आणि तेच सोडवायला सांगा. मग ठरवा. गाडी पाहून ठरवू नका. आणि इथे उणीव दिसली, तर ती समितीच्या बैठकीत मांडा.

समितीची बैठक चुकवू नका

ही समिती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ती आणली. समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, शाळेला मिळालेल्या पैशाचा विनियोग पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे, ही तिची कामे कायद्यातच लिहिलेली आहेत.

एवढा अधिकार हाती असून आपण काय करतो? निवडीच्या दिवशी हात वर करतो आणि पुढे रजिस्टर घरी आले की सही करतो. विशेषतः मायबहिणींना सांगावेसे वाटते, की समितीत तुमचे नाव असेल, तर सही घरच्या माणसाच्या सांगण्यावरून करू नका. बैठकीला जा. छप्पर गळते का, मुलींच्या संडासात पाणी आहे का, हातपंपाचे पाणी पिण्याजोगे आहे का, हे तुमच्याइतके नेमके कोणी विचारणार नाही. बैठकीचे इतिवृत्त लिहिलेले असते. ते मागून वाचा. वाचता येत नसेल, तर आपल्याच चौथीतल्या मुलाकडून वाचून घ्या. त्याचाही अभ्यास होईल.

दुपारचे ताट

आपला जिल्हा धानाचा. शाळेत दुपारी शिजतो तोही भातच. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने ही योजना सुरू केली, तेव्हा मुलांना महिन्याला तांदूळ घरी मिळे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि मग शाळेत चूल पेटली. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम असे प्रमाण आहे. लहानांच्या ताटातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असा हिशेब त्यामागे आहे. ही प्रथिने नुसत्या भातातून येत नाहीत. त्यासाठी डाळ, वाटाणा, मटकी पातेल्यात पडलीच पाहिजे.

जेवण वाढण्यापूर्वी मोठ्या माणसांनी ते चाखावे असा नियम आहे, आणि चाखणाऱ्यांत एक शिक्षक असावा लागतो. पालकही चव घेऊ शकतात. आठवड्यातून एका आईने जरी पाळीने शाळेत जाऊन घासभर खाल्ले, तरी स्वयंपाक सुधारतो आणि शिजवणाऱ्या बाईच्या अडचणीही गावाला कळतात. घरी वाढदिवस, बारसे किंवा वाडवडिलांचा स्मरणदिन असेल, तर शाळेत गोडधोड द्यावे. याला तिथी भोजन म्हणतात. परसात वांगी, भोपळा, शेवगा जास्त झाला, तर टोपलीभर शाळेत पाठवावा. कायद्याने कोणी मागणार नाही, पण गावाचा हात लागला की ताटाला चव येते.

फळ्यावर चार ओळी

आता बातमीची सोय कशी करावी, ते सांगतो. खर्च काहीच नाही. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर एक काळा फळा रंगवून घ्यावा. दर शनिवारी वरच्या वर्गातल्या मुलांनी त्यावर चार ओळी लिहाव्यात. पहिली ओळ, या आठवड्यात किती मुले आली आणि किती राहिली. दुसरी, मुले काय नवे शिकली. तिसरी, शाळेला काय हवे आहे. चौथी ओळ गावाची.

गावाच्या ओळीला विषय कमी पडणार नाहीत. तलावाला पाणी किती चढले, कोणाच्या बांधीत सारस उतरले, कोणत्या झाडाखाली मोह पडू लागला. आता महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः आपल्या गोंदिया आणि भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात. पावसाळ्यात तो बांधीतच घरटे करतो. मुलाने फळ्यावर बातमी लिहिली, तर मालक ते घरटे जपून रोवणी करील. लेकराच्या अक्षराने मोठ्या माणसाचे वागणे बदलले, यापेक्षा मोठा धडा कोणता?

मुलांच्या शब्दांनाही हसू नका. आपल्या घरांत पोवारी, गोंडी, हलबी बोलली जाते, झाडी बोली तर आहेच. पहिलीतल्या मुलाला पुस्तकातली मराठी नवखी वाटते. रात्री जेवताना त्याला विचारा, "आज शाळेत काय झाले?" त्याला आपल्या बोलीत सांगू द्या. मग तेच शाळेच्या भाषेत सांगायला लावा. पाच मिनिटे लागतात. वाचता न येणाऱ्या आईलाही हा अभ्यास घेता येतो.

तेव्हा येत्या आठवड्यात एवढे करा. शाळेत जाऊन पट विचारा, ताटातला घास चाखा आणि पुढच्या बैठकीची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केली नाही. त्यांनी श्रम करून तलाव बांधले, म्हणून आज आपल्या धानाला पाणी मिळते. शाळा तर बांधून तयार आहे. तिची पाळ राखायचे काम तेवढे आपल्याकडे आहे.