‘सुखोथाय’ वर का आली नाही?

बुडालेलं जहाज काढायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलीमोठी क्रेन येते. माझी उमेदीची वर्षं बंदरात डायव्हर म्हणून गेली, मला आधी आठवतो तो गाळ. जहाज तळाला बसलं की गाळ त्याला धरून ठेवतो. वर ओढायला लागलात की नुसतं वजन नाही, ती पकडही सोडवावी लागते. त्यासाठी आधी पाण्याच्या झोताने जहाजाच्या पोटाखाली भुयार पाडायचं, त्यातून बारीक दोर सरकवायचा आणि त्या दोरामागे जाड तारदोर ओढून घ्यायचा. मुंबईच्या पाण्यात टॉर्च लावूनही स्वतःचा पंजा दिसत नाही. पत्रा, रिव्हेट, शिंपल्यांचा थर, सगळं हाताने चाचपून ओळखायचं. दोर पलीकडच्या जोडीदाराच्या हाती लागला की तो दोन झटके देतो, तेव्हा कळतं भुयार आरपार झालं.

हे सगळं उथळ बंदरातलं. थायलंडच्या आखातात 18 डिसेंबर 2022 च्या रात्री वादळी लाटांत ‘सुखोथाय’ ही थायी नौदलाची युद्धनौका बुडाली, ती सुमारे 50 मीटर खाली. जहाजात पाणी शिरलं, वीज गेली, पंप बंद पडले, नौका कलंडत गेली. मदतीला आलेल्या ‘क्राबुरी’ या नौकेने अंधारात, खवळलेल्या समुद्रातून बरेच जण वाचवले. नौकेवर 105 जण होते. 24 मृतदेह मिळाले, 5 जणांचा पत्ताच लागला नाही.

नौका वर काढा, ही मागणी लगेच सुरू झाली आणि ती रास्तच होती. ज्यांचं माणूस परत आलं नाही त्यांना खर्चाचे आकडे कसे सांगणार? थायी नौदलानेही आधी अख्खी नौका काढायचं ठरवलं, त्यासाठी सुमारे 20 कोटी बाटची तरतूद झाली. पण घोडं अडलं. नौका अमेरिकेत बांधलेली, वर क्षेपणास्त्रं आणि टॉर्पेडोची यंत्रणा. तिला हात कुणी लावायचा यावर अमेरिकेच्या अटी आल्या. शेवटी 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही नौदलांच्या डायव्हरांनी मिळून 19 दिवस काम केलं. बेपत्ता माणसांचा शोध घेतला, शस्त्रं निकामी केली, जहाजाची पाहणी केली, नावाची पाटी आणि थायी नौदलाचे जनक मानले जाणारे चुम्फोनचे राजपुत्र यांची मूर्ती वर आणली. पाच जणांपैकी कुणीच सापडलं नाही. जहाजाचा सांगाडा तिथेच राहिला.

50 मीटरवर अंगावरचा दाब पृष्ठभागाच्या सहापट. साध्या हवेवर तिथे नशा चढल्यासारखं होतं आणि काम करायला मिनिटं मोजकी मिळतात. वर येताना मात्र टप्प्याटप्प्याने थांबत यावं लागतं. त्यात आत अडकलेलं पाणी. उचलताना ते एका बाजूला धावलं तर जहाज तारदोरातच पालथं होतं. आपल्याकडे ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी मुंबईच्या नौदल गोदीत 14 ऑगस्ट 2013 ला स्फोटाने बुडाली, 18 जण गेले, आणि 6 जून 2014 ला ती वर आली. पण ती धक्क्यालगत होती. बंदराची वाट अडवून तिला ठेवणं शक्यच नव्हतं. ‘सुखोथाय’ कुणाच्याच वाटेत नव्हती. डायव्हर म्हणून मला तिला तळाशीच ठेवायचा निर्णय पटतो.

खटकतं ते वेगळंच. ज्या नौदलाची नौका बुडाली, त्याच नौदलाने चौकशी करून कारण सांगायचं, हे कसं चालावं? बाहेरचा एखादा जाणकार चौकशीत बसवायला हवा होता. कप्तानाने जबाबदारी घेऊन राजीनामा दिला, तेवढ्यावर कुणाचं समाधान होईल असं वाटत नाही.

शिवाय सर्वांत बोचरा प्रश्न तळाशी नव्हताच. चुम्फोनमधल्या समारंभासाठी नौकेवर जवळजवळ तीस माणसं जादा घेतली होती आणि त्यांना पुरतील इतकी जीवरक्षक जाकिटं नव्हती, हे नौदलप्रमुखांनीच कबूल केलं. जाकिटं किती चढवली, माणसं किती चढली, निघायची परवानगी कुणी दिली, याचा माग किनाऱ्यावरच्या कागदांत घ्यायचा असतो. त्याला ना क्रेन लागते, ना डायव्हर.