आधी रेंज, शेवटी हँडसेट

तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकालगत असलेल्या मोबाइलच्या दुकानात ग्राहकाला विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा ‘बजेट किती?’ हाच असतो आणि तेथून पुढचा व्यवहार ठरलेल्या क्रमाने होतो. काउंटरवर दोन-तीन हँडसेट मांडले जातात, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजून दाखवले जातात, हप्त्याची सोय पाहिली जाते, काच बसवून कव्हर चढवले जाते आणि सिमकार्ड कोणत्या कंपनीचे घ्यायचे व रिचार्ज कोणता मारायचा, हा विषय पैसे देऊन झाल्यावर दोन मिनिटांत उरकला जातो. रिचार्जवरचे कमिशन किरकोळ असल्याने दुकानदाराला हा क्रम सोयीचा वाटावा यात नवल नाही. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर मात्र तो पुरता उलटा आहे, कारण हँडसेटची किंमत एकदाच मोजावी लागते, रिचार्जची पुनःपुन्हा मोजावी लागते, आणि घरात रेंजच येत नसेल तर दोन्ही खर्च वाया जातात.

रेंज म्हणजे टॉवरकडून येणाऱ्या रेडिओलहरींची त्या विशिष्ट जागेवरची तीव्रता होय, आणि ती टॉवरच्या अंतराइतकीच मधल्या अडथळ्यांवर व लहरींच्या वारंवारतेवर अवलंबून असते. 700, 850 किंवा 900 मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेच्या लहरी लांबवर जातात आणि भिंती बऱ्यापैकी भेदतात. 2300 किंवा 2500 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत माहिती वाहून नेण्याची क्षमता अधिक असली तरी त्या लहरी लवकर क्षीण होतात, आणि 5जी सेवा ज्या 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मुख्यतः चालते त्याची अडचण याहून मोठी असते. बाजारपेठेत पूर्ण रेंज दाखवणारा फोन सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीत, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींआड, अगदीच मुका होतो, त्याचे कारण यातच आहे. पडद्यावरच्या दांड्यांवर विसंबण्यात फारसा अर्थ नाही, कारण किती तीव्रतेला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक उत्पादक आपापल्या परीने ठरवतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या स्थितीखाली हीच तीव्रता ‘डीबीएम’ या एककात उणे आकड्याने दिलेली आढळते. 4जीसाठी उणे 85च्या आसपासचा आकडा चांगला, तर उणे 110 वा त्याखालचा आकडा अडचणीचा समजावा. कंपन्यांनी आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर द्यावेत असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ‘ट्राय’चा, नियम आहे आणि ते नकाशे पाहावेतही; परंतु नकाशात गाव दिसते, माजघर दिसत नाही. शेजाऱ्यांकडे ज्या ज्या कंपन्यांची सिमकार्डे असतील ते फोन घरात आणून, आतल्या खोलीत, संध्याकाळी जाळ्यावर ताण असताना प्रत्यक्ष बोलून पाहणे, हीच खरी परीक्षा. दुबळ्या रेंजमध्ये टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोनला अधिक शक्तीने प्रक्षेपण करावे लागते व त्यामुळे बॅटरी लवकर उतरते, तेव्हा ‘बॅटरी टिकत नाही’ या तक्रारीचे मूळही पुष्कळदा हँडसेटऐवजी रेंजमध्ये सापडते.

कंपनी ठरल्यावर प्रश्न येतो तो पॅकचा. पॅकच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत डेटा असतो, परंतु ग्राहक प्रत्यक्षात विकत घेतो ते दिवस. 2003मध्ये इनकमिंग मोफत झाले. पुढे 2018च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली, आणि तेव्हापासून वैधता संपलेल्या प्रीपेड क्रमांकावर काही दिवसांनी येणारे कॉलही थांबू लागले; त्यामुळे फोन केवळ ऐकण्यासाठी बाळगणाऱ्यालाही दिवस विकत घ्यावेच लागतात. महिन्याचा म्हणून विकला जाणारा पॅक 28 दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाकाठी बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात, आणि बाराने गुणून काढलेला हिशेब तिथेच फसतो. ट्रायने 2022मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक पॅक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवण्यास सांगितले, तरी 28 आणि 84 दिवसांच्या पॅकचे वर्चस्व ढळलेले नाही. पॅकची तुलना करण्याचा सरळ उपाय म्हणजे किमतीला दिवसांनी भागून रोजचा दर काढणे. ‘अनलिमिटेड’ हा शब्द डेटाच्या बाबतीत जपून घ्यावा, कारण रोजचा कोटा संपल्यावर वेग बहुधा सेकंदाला 64 किलोबिट इतका उतरतो, आणि त्या वेगाने पाच मेगाबाइटचे एक छायाचित्र पाठवायला दहा मिनिटे लागतात.

सर्वाधिक पैसा वाया जातो तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बटणाच्या फोनवर. इंटरनेट नसलेल्या त्या फोनमध्ये वर्षानुवर्षे रोजच्या दीड-दोन जीबीचा पॅक मारला जातो आणि त्यातले काही वापरले जात नाही. यावर ट्रायने डिसेंबर 2024मध्ये केवळ कॉल व संदेश असलेले पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले, आणि विशेष पॅकची कमाल मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांपर्यंत वाढवली. असे पॅक आज मिळतात, पण दुकानाच्या दर्शनी फलकावर ते शोधून सापडायचे नाहीत. ते नाव घेऊनच मागावे लागतात.

हँडसेटचा विचार आता करावा, आणि तोही निवडलेल्या कंपनीच्या लहरी त्याला पकडता येतात का, येथून सुरू करावा. प्रत्येक फोन ठरावीक पट्ट्यांवरच चालतो. भारत संचार निगमने सप्टेंबर 2025मध्ये देशी तंत्रज्ञानावर जी 4जी सेवा औपचारिकरीत्या सुरू केली, ती 700 व 2100 मेगाहर्ट्झवर आहे, त्यामुळे 700चा पट्टा नसलेला फोन तिचा दूरवर पोहोचणारा भाग घेऊच शकत नाही. जिओचे जाळे सुरुवातीपासून 2जीविना उभे असल्याने त्यावर बोलण्यासाठी ‘व्होल्टे’, म्हणजे 4जीवरूनच आवाज वाहून नेण्याची सोय, फोनमध्ये असावी लागते. अमेरिकेतून लेकाने किंवा लेकीने पाठवलेल्या आयफोनची वेगळीच गोम असते, कारण 14व्या मालिकेपासून तेथील आयफोनमध्ये सिमकार्डची खाचच नाही आणि त्यात ई-सिम घालून घ्यावे लागते. जुना फोन घेताना *#06# दाबून दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक ‘केवायएम’ या इंग्रजी अक्षरांपुढे जागा सोडून लिहावा आणि 14422ला पाठवावा, म्हणजे तो फोन काळ्या यादीत आहे का हे कळते. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल यानंतर मोजावेत.

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर 20 जानेवारी 2011पासून आहे. 3 जुलै 2015पासून ती एका परिमंडळातून दुसऱ्यात जातानाही मिळते, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने ही तारीख महत्त्वाची आहे, कारण दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई, नवी मुंबई व कल्याणचा भाग हे एक परिमंडळ, तर उर्वरित राज्य व गोवा हे दुसरे. पोर्ट मारण्यासाठी इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून, आपला क्रमांक 1900ला संदेशाने पाठवावा. उत्तरादाखल आठ अक्षर-अंकांचा संकेत येतो, तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो, आणि तेवढ्या अवधीत नव्या कंपनीकडे ओळख पटवून अर्ज करावा लागतो. परिमंडळातल्या परिमंडळात हे काम तीन कामकाजाच्या दिवसांत, बाहेर पाच दिवसांत होते, आणि जुन्या सिमवरील उरलेला बॅलन्स व वैधता बुडते, म्हणून पोर्ट पॅक संपत आल्यावरच करावे. सिमकार्ड नुकतेच बदलून घेतले असेल तर जुलै 2024पासूनच्या नियमानुसार आधी सात दिवस थांबावे लागते, आणि एकदा कंपनी बदलली की पुढचे 90 दिवस पुन्हा बदलता येत नाही.