तेलाचा डाग आणि बॅटरीचा उजेड

भिवंडीत तीनबत्तीच्या बाजारात बॅटरी, म्हणजे टॉर्च, घ्यायला गेलं की दुकानदार ती समोरच्या भिंतीवर मारून दाखवतो. खोक्यावर छापलेलं असतं: १०,००० लुमेन. आपण भिंत बघतो आणि पैसे काढतो. यंत्रमागाखाली वाकून तुटलेली तार शोधणाऱ्याला हा आकडा खरा हवा असतो. २००७ साली इथलं वीजवितरण फ्रँचायझीकडे गेलं. त्याआधीच्या भारनियमनात वाढलेल्या आमच्या पिढीलाही तो हवाच असतो.

उजेड किती, हे डोळ्याला नीट सांगता येत नाही. अंधारात बाहुली मोठी होते, उजेडात आकसते. दुप्पट प्रकाश दुप्पट वाटतच नाही. पण दोन उजेड सारखे आहेत का, हे डोळा फार बारकाईने ओळखतो. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नेमका याचाच उपयोग केला. कोऱ्या कागदावर खोबरेल तेलाचा थेंब टाका, रुपयाएवढा डाग पडू द्या. कागद अंधाऱ्या खोलीत उभा धरा. उजेड मागून आला तर डाग उजळतो, पुढून आला तर काळपट दिसतो. दोन बाजूंनी दोन बॅटऱ्या लावून एक मागेपुढे सरकवत गेलं की एका जागी डाग जवळजवळ नाहीसा होतो. तिथे दोन्हींचा उजेड समान. जुनी बॅटरी १ मीटरवर आणि नवी २ मीटरवर असेल, तर नवीचा झोत चौपट तीव्र, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. मला हा प्रयोग अजूनही जादूसारखा वाटतो.

पण झोत तीव्र म्हणजे एकूण प्रकाश जास्त, असं नाही. खोल परावर्तक तोच प्रकाश लहान वर्तुळात गोळा करतो, आणि दुकानातली भिंत तेवढंच वर्तुळ दाखवते. लुमेन म्हणजे सगळीकडे पडणारा एकूण प्रकाश. तो मोजायला पांढरं छत पुरे. रात्री दारं-खिडक्या बंद करून ९ वॅटचा एलईडी बल्ब जमिनीवर वर तोंड करून लावायचा. त्याच्या खोक्यावर ९०० लुमेन लिहिलेलं असतं. मोबाइल पुठ्ठ्याच्या आडोशाला ठेवायचा, म्हणजे त्यावर फक्त छतावरून परतलेला उजेड पडेल. लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपवर मला ३० दिसले. बल्बच्या जागी बॅटरी ठेवली तर ८. म्हणजे ९०० च्या ३० भागांपैकी ८, साधारण २४० लुमेन. मोबाइलचा सेन्सर थोडा कमी-जास्त दाखवत असला तरी दोन्ही वेळा सारखाच चुकतो, म्हणून गुणोत्तरावर भरवसा ठेवता येतो.

मग सेलच्या सर्किटमध्ये मल्टिमीटर जोडला: ०.७ अँपिअर. ३.७ व्होल्टने गुणलं की सुमारे २.६ वॅट, म्हणजे वॅटमागे जवळपास ९२ लुमेन. जुना तारेचा टॉर्चबल्ब १० च्या आसपास घुटमळायचा. दिवा उत्तम होता, खोटा फक्त खोक्यावरचा आकडा. आतल्या सेलवरही ‘९९०० एमएएच’ लिहिलं होतं. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब असा हा सेल, त्यात फार तर साडेतीन हजारांच्या आसपास मावतात.

नंतर बॅटरी तशीच चालू ठेवून दर दहा मिनिटांनी लक्स वहीत लिहिले. चाळिसाव्या मिनिटाला ५ होते, म्हणजे १५० लुमेन. मागाखालची तुटलेली तार शोधायला तेवढे भरपूर आहेत.